अळ्या काढणारे भाऊजी

आमच्या प्रेमिलाताईचं लग्न एका क्रियापदानं जमवलं. पत्रिकेतले गुण बेताचेच जुळत होते, मुलाकडची शेती भावाभावांत वाटून संपत आली होती, आणि मुलगा इतका किडकिडीत होता की फोटो पाहूनच आई म्हणाली होती, ‘‘याले आधी जेवू घाला, मंग बाकीचं पाहू.’’ पण मध्यस्थ होते आईचे मामेभाऊ भैय्याजी. ते नागपूरहून आले, ओसरीवर पाय पसरून बसले आणि बाबांना म्हणाले, ‘‘पोरगा सरकारी नोकरीत हाये. शेतकी खात्यात अळ्या काढते.’’

बाबा टेकून बसले होते ते सरळ झाले. नरखेडजवळ आमची संत्र्याची बाग. त्या वर्षी नव्या पालवीचा अळीनं पार फडशा पाडला होता आणि औषधं मारून मारून बाबांच्या नाकी नऊ आले होते. अशा वेळी खुद्द सरकारनं पगार देऊन अळ्या काढायला ठेवलेला माणूस घरचा जावई होतोय म्हटल्यावर पत्रिका कोण बघतो.

‘‘कशा काढते?’’ बाबांनी एवढंच विचारलं.

‘‘एकदम बारीक काम,’’ भैय्याजी म्हणाले. ‘‘पायसुद्धा सोडत नाही.’’

तर अशा रीतीनं चौसष्टच्या उन्हाळ्यात रुपराव रेवतकर आमचे जावई झाले. मी ताईची धाकटी बहीण, शामला. मेव्हणी असल्यामुळे भाऊजींची थट्टा करणं हा माझा हक्कच होता, आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी मला त्या कामात कधी उणं पडू दिलं नाही.

खरा प्रकार कळला तो पहिल्या दिवाळसणाला. जावई येणार म्हणून बाबांनी फवारणीचा पंप धुऊन ठेवला होता, दोन गडी थांबवून ठेवले होते. शेजारच्या रुखमाबाईंनीसुद्धा, जाता जाता आमच्याही बागेतल्या अळ्या बघून जा, असा निरोप धाडला होता. भाऊजी सकाळीच बागेत गेले. पिशवीतून त्यांनी एक लाकडी फळी काढली, तिच्यावर कागद लावला, पेन्सिलीला टोक केलं, डोळ्याला भिंग लावलं आणि एका झाडाखाली मांडी घालून बसले. गडी पंपाजवळ बसले. बाबा बांधावर बसले. ऊन वर आलं, कलून गेलं. मी दोनदा चहा घेऊन गेले, तर दोन्ही वेळा भाऊजी तिथेच होते आणि गडी मात्र झोपले होते.

संध्याकाळी भाऊजी हसत हसत उठले. ‘‘काढली मामाजी,’’ सासऱ्यांना म्हणाले.

बाबांनी कागद पाहिला. मग झाड पाहिलं. झाडावर तीच अळी तेच पान खात बसली होती.

‘‘अन् ही?’’ बाबांनी बोट दाखवलं.

‘‘ते राहू द्या तिथंच. उद्या कात टाकन ती. ते बी काढायचं हाये.’’

मराठी भाषेला नावं ठेवायची ती इथं. दात पाडणाराही काढतो, वरात नेणाराही काढतो, रस्त्यात भांडणारा दुसऱ्याची आई-माई काढतो, आणि सगळ्यांना एकच क्रियापद पुरतं. त्या रात्रीच्या जेवणात बाबांनी जावयाच्या ताटात तूप वाढलं, कारण वाढायचं असतं, पण त्याच्याकडे न बघता वाढलं. भैय्याजींना जाब विचारला तर ते शांतपणे म्हणाले, ‘‘मी काय खोटं बोललो गा? काढते म्हनलं. मारते म्हनलं काय?’’

गावात भाऊजींचं नाव पडलं ‘अळीवाले जवाई’. ते त्यांना कोणी तोंडावर म्हटलं तरी ते हो म्हणायचे. त्यांना त्यात कधी टोमणा दिसलाच नाही.

पुढं मी कॉलेजसाठी नागपूरला आले आणि हनुमाननगरात ताईच्या दोन खोल्यांत राहू लागले, तेव्हा या माणसाचा संसार जवळून पाहायला मिळाला. स्वयंपाकघरात फळीवर एका ओळीत बरण्या होत्या. पहिल्या दोन बरण्यांत लोणचं होतं. तिसरीपासून पुढं झाकणाला भोकं पाडलेली होती. ताईनं पहिल्याच दिवशी बजावलं, ‘‘लोनचं घेतानी नीट पाहून घेत जा वं.’’ अंगणात कढीपत्त्याचं झाड होतं, पण फोडणीसाठी कढीपत्ता मात्र ताई इंदूबाईंकडून मागून आणायची. इंदूबाई शेजारच्या. आमच्या झाडावरच्या पानांवर पहिला हक्क अळ्यांचा होता आणि त्यांचं पोट भरल्याशिवाय आम्हाला पान तोडायची परवानगी नव्हती.

भाऊजींची एकच अट असायची. जे काढायचं ते समोर पाहिजे. मनानं त्यांना रेघसुद्धा ओढता येत नसे. बाजारातून आणलेला कोबी किडका निघाला की इतर घरांत बाई कपाळाला हात लावते, आमच्याकडे घरधनी हात जोडायचा बाकी राहायचा. मग तो कोबी टेबलावर जायचा. मी कॉलेजातून भुकेली येऊन भाजीचं विचारलं की ताई म्हणायची, ‘‘कोबी अजून बसून राहिला हाये.’’ चित्रासाठी बसून राहिला आहे, असा त्याचा अर्थ. एकेक कोबी दोन दोन दिवस बसायचा आणि उठेपर्यंत त्याची खाण्याची लायकी संपलेली असायची. गल्लीतल्या बायकांना हे कळल्यावर कोणाच्या वांग्यात अळी निघाली की ते वांगं वाटीत घालून आमच्याकडे यायचं, सणाचं वाण यावं तसं. भाऊजी ते दोन्ही हातांनी घ्यायचे आणि घरच्या लहानमोठ्या सगळ्यांची चौकशी करायचे. ताई आत भांडी जरा जोरात ठेवायची.

पुढं त्यांना मुलगी झाली, तारा. गल्लीतली बाकीची पोरं अ अननसाचा शिकली. आमची भाची अ अळीचा शिकली आणि शाळेत बाईंशी त्यावरून भांडून आली.

ताईनं एकच नियम घातला होता, तो म्हणजे बैठकीत चित्र लागणार नाही. ‘‘येणारा-जाणारा मानूस चहा पेत बसते. त्याच्या डोक्यावर अळ्या नको.’’ त्यामुळे इतकं काढणाऱ्या माणसाच्या बैठकीत औषधाच्या दुकानातून फुकट मिळालेलं देवाचं कॅलेंडर होतं. भाऊजींना त्याचं वाईट वाटत असेल, पण ते बोलून दाखवायचे नाहीत. मला एकदा म्हणाले, ‘‘शामला, अळी वाईट नसते. ते खाते, बस. आपनही खातो.’’ यावर मी त्यांना, तुम्ही कुठं खाता, तुम्ही तर कोबी बसवून ठेवता, असं म्हटलं, आणि ते मनापासून हसले.

थट्टा बाजूला ठेवून सांगायचं तर त्यांचं काम फार सुंदर होतं. हिरवा रंग म्हणजे आम्हाला एक रंग. ते जुन्या पानाचा हिरवा, नव्या पालवीचा हिरवा, तहानलेल्या झाडाचा हिरवा असे वेगवेगळे कालवायचे. कुरतडलेल्या पानाच्या भोकाला जी कड असते तिच्या रंगावरून ते भोक आज पडलं की चार दिवसांपूर्वी, हे त्यांच्या कागदावर दिसायचं. ते चित्र खात्यात जायचं, तिथून छापखान्यात, आणि त्याचे तक्ते होऊन गावोगावच्या ग्रामपंचायतीत लागायचे. खाली किडीचं नाव असे, औषधाचं नाव असे. काढणाऱ्याचं नाव घालायला जागा उरत नसे.

आणि सगळी चित्रं आजाराची. निरोगी पान काढून द्या, असा हुकूम खात्यातून कधी आलाच नाही. निरोगी पानाशी सरकारचं काय काम. त्यामुळे होता होता भाऊजींची नजरच अशी झाली की धड पान त्यांना दिसेनासं झालं. संत्रा मार्केटातल्या एका व्यापाऱ्यानं पेट्यांवर चिकटवायला लेबल करून मागितलं. भाऊजींनी जीव ओतून संत्रं काढलं, देठ काढला, दोन पानं काढली, आणि फळाच्या गालावर एक बारीकसा डाग काढला. व्यापारी म्हणाला, हा डाग कशाला? भाऊजी म्हणाले, ‘‘त्या फळाले होता ना.’’ व्यापाऱ्यानं ते काम दुसऱ्या पेंटरला दिलं, त्यानं संत्र्याच्या मागं बर्फाचे डोंगर काढले, आणि ते लेबल दोन हंगाम चाललं. एकदा चित्रांच्या प्रदर्शनात भाऊजींची दोन चित्रं लागली. मी आणि ताई नवी पातळं नेसून गेलो. लोक त्या चित्रांसमोर थांबत होते खरे, पण खात्याचा स्टॉल समजून, कोणतं औषध मारायचं ते विचारत होते. भाऊजी सगळ्यांना व्यवस्थित सांगत होते.

हे सगळं ते हसून घालवायचे. एक गोष्ट मात्र त्यांच्या मनाला लागायची, ती म्हणजे आमचे बाबा.

दर वर्षी ते बागेत यायचे आणि दर वर्षी तोच प्रकार व्हायचा. बाबा त्यांना आपली सगळ्यांत चांगली झाडं दाखवायला न्यायचे. चंपतरावांची, म्हणजे आमच्या बाबांची, बाग म्हणजे पंचक्रोशीत नाव होतं. फळांनी लवलेल्या फांद्यांखालून भाऊजी चालत जायचे आणि मधेच थबकून ‘वा’ म्हणायचे. बाबा आशेनं वळायचे, तर भाऊजींच्या हातात अख्ख्या झाडावरचं एकुलतं एक खराब पान असायचं, आणि चेहरा उजळलेला. बाबा आईला म्हणायचे, ‘‘एवढी पानं हायेत माह्या बागेत. याले बरोबर सडकंच सापडते. अन् सापडलं का मानूस खूश. पोरीचा बाप म्हनून मी गप हावो.’’

भाऊजी संध्याकाळी काढलेलं चित्र बाबांच्या खाटेवर त्यांच्या शेजारी ठेवायचे. बाबा त्याच्यावर पानाचा डबा ठेवायचे. अपमान करायचा म्हणून नव्हे, हाताशी सपाट जागा मिळाली म्हणून. नागपूरला परतताना गाडीत भाऊजी कागदावरचे चुन्याचे ठिपके नखानं खरवडायचे आणि म्हणायचे, ‘‘मामाजीनं एकदा चष्मा लावून पाहावं. मंग नाही आवडलं तं नाही.’’ ताई खिडकीबाहेर बघायची. नवरा आणि बाप यांच्या मधे बसलेल्या बाईला गाडीची खिडकी फार उपयोगी पडते.

अशी पंधरा वर्षं गेली. एकोणऐंशी साली बाबांना हृदयाचा त्रास झाला. त्यांना नागपूरला आणलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता काही महिने इथंच राहायचं, प्रवास नाही, दगदग नाही, मनाला धक्का तर मुळीच नाही. राहायचं म्हणजे ताईकडेच. आता आली का पंचाईत. लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही, हे बाबांचं व्रत. शेवटी बाबांबरोबर गावाहून ज्वारीचं पोतं आलं, तुरीची डाळ आली, तिखट-मीठ आलं, म्हणजे खायचं ते आपल्याच शेतातलं. पाण्याचं मात्र अडलं, कारण विहीर आणता येत नव्हती. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला, ‘‘पानी कार्पोरेशनचं हाये. जवायाचं थोडीच हाये.’’ मग ते निर्धास्त पाणी प्यायले.

मी तोवर शाळेत मास्तरीण झाले होते, पण संध्याकाळची माझी चक्कर ताईकडे असायचीच. बाबांची खाट बैठकीत खिडकीशी टाकलेली. अंग पडलेलं होतं, पण जीव सगळा बागेत. बाग आता मधुकरदादा पाहायचा, आमचा मोठा भाऊ. तो एस.टी.नं भेटायला यायचा आणि बाबांनी काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर एकच, ‘‘सगळं चांगलं हाये.’’

‘‘तू शाळेत होता तवाही सगळं चांगलंच हाये म्हने,’’ बाबा म्हणाले, ‘‘अन् निकालाच्या दिवशी मामाच्या गावाले पळे.’’ मग ते भिंतीकडे तोंड करून पडले. थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली, ती मुलाला नव्हे. ‘‘जवाईबापू, या रविवारी तुम्ही जाऊन या. जे दिसन ते काढून आना.’’

भाऊजी त्या रविवारी इतक्या सकाळी निघाले की दूधवाल्याची आणि त्यांची फाटकात गाठ पडली. रात्रीच्या जेवणाआधी परत आले, आणि बाबांनी पहिल्यांदा चष्मा मागितला.

कागदावर एक पान होतं, कुरतडलेलं. बाबांनी ते जवळ धरलं, लांब धरलं. ‘‘हे विहिरीकडच्या ओळीतलं.’’

‘‘हो,’’ भाऊजी म्हणाले.

‘‘पानी कमी पडून राहिलं त्याले. कड पाहा कशी वळली. मधुकर बांध फोडत नसन बरोबर.’’ बाबांनी अजून जरा वेळ पाहिलं. ‘‘अन् हे भोक ताजं हाये. म्हंजे अळी आता नवीन आली.’’

‘‘परवाचं असन,’’ भाऊजी म्हणाले. पंधरा वर्षांत त्यांच्या चित्रातल्या भोकाची कड पाहणारा पहिला माणूस भेटला होता, आणि तो नेमका त्यांना हवा होता तोच होता.

त्यानंतर दर रविवारी हा कार्यक्रम झाला. दोघं खाटेवर शेजारी शेजारी बसायचे, मधे एखादी अळी, आणि सोयरीक जुळवायला पत्रिका पाहत असल्यासारखे तिच्यावर वाकायचे. चहा निवून जायचा. पानाचा डबा बाबा आता आठवणीनं जमिनीवर ठेवायचे. ताई मला स्वयंपाकघरात ओढून हळूच म्हणायची, ‘‘पाह्य वं, कसे बसले.’’ मी म्हणायचे, हो, आता तुझ्या नवऱ्याला तुझ्या बापापासून सोडवायचं कसं ते बघ. ती मला लाटणं दाखवायची. पण इतकी सुखात मी तिला फार दिवसांनी पाहत होते.

आणि मग खात्याच्या कामामुळे भाऊजींचे दोन-तीन रविवार चुकले, तेवढ्यात आमच्या भागात कोळशी आली. एक बारीक काळी माशी पानांच्या मागं बसते, तिचा चिकट रस पानांवर सांडतो, त्या रसावर काळी बुरशी चढते. पान, फळ, फांदी, सगळं काजळ फासल्यासारखं होतं. पानावर अंगठा घासला तर खाली अजून हिरवं दिसतं, म्हणून माणूस रोज अंगठा घासून पाहत राहतो. पण झाडाला ऊन मिळत नाही, बहर धरत नाही, आणि झाड खंगत जातं.

त्या आठवड्यात मधुकरदादा आला तो बैठकीत गेलाच नाही. अंगणातूनच त्यानं भाऊजींना आणि आम्हा दोघी बहिणींना खुणेनं बाहेर बोलावलं. कढीपत्त्याच्या आडोशाला उभा राहून म्हणाला, ‘‘अर्धी बाग काळी झाली. बाबाले समजलं तं त्यायचं काही खरं नाही. भाऊजी, तुम्ही आता फक्त चांगली पानं काढा.’’

‘‘चांगलं पान कुठून आनू?’’ भाऊजींनी विचारलं.

‘‘मनानं काढा.’’

‘‘मले येत नाही ते.’’

‘‘अवो,’’ ताई म्हणाली, ‘‘एक खोटं पान काढलं तं काय बोटं झडनार हायेत?’’ आणि असं म्हणता म्हणता तिला रडू आलं. डॉक्टरांचे शब्द आम्हा सगळ्यांच्याच कानांत होते. मला दादाचं पटत होतं. पण त्या दिवशी भाऊजींकडे पाहून मला थट्टा सुचली नाही. बाबांचा जीव सांभाळायचा तर त्यांना बाबांशी खोटं वागायचं होतं, आणि बाबांनी जगात फक्त एकाच गोष्टीवर विश्वास टाकला होता, ती म्हणजे या माणसाचा कागद.

रविवारी ते बागेत गेले. लवकर परतले आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात आले. ‘‘अख्खी बाग फिरलो. काळं नाही तं कुरतडलेलं. एक पान कोरं नाही,’’ म्हणाले. सोबत आणलेलं एक काळं पान त्यांनी नळाखाली धुऊन पाहिलं, तर काजळी निघाली, पण खाली भुरकट ठिपके होतेच. मग ते पान त्यांनी बाजूला ठेवलं, कोरा कागद घेतला, आणि समोर काहीही नसताना काढायला बसले. ताई त्यांच्या मागं उभी. दोनदा हात कडेला जाऊन भोक पाडायला लागला, दोनदा तिनं कागद बदलायला लावला. तिसऱ्या कागदावर ते जमलं. गर्द, तजेलदार, टवटवीत पान. कुठं ओरखडा नाही. त्यांच्या सगळ्या आयुष्यातलं पहिलं धड पान.

ताई ते पाहतच राहिली. ‘‘किती छान आलं वं,’’ मला म्हणाली. आणि मग त्यांना, ‘‘हे बैठकीत लावू आपन.’’

ज्या वाक्याची त्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली ते असं आलं. भाऊजी ब्रश धूत राहिले.

बैठकीत मधुकरदादा बाबांच्या पायाशी बसला होता. आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. भाऊजींनी कागद बाबांच्या हातात दिला आणि नेहमीसारखे शेजारी न बसता समोर उभे राहिले. बाबांनी चष्मा लावला. कागद खिडकीच्या उजेडात धरला. मग वाकडा करून पाहिला. मग उलटून मागची बाजूसुद्धा पाहिली.

‘‘कोनत्या झाडाचं?’’

‘‘विहिरीकडच्या ओळीतलं,’’ भाऊजी म्हणाले.

‘‘भोक नाही.’’

‘‘नाही.’’

‘‘अळी?’’

‘‘नाही सापडली, मामाजी.’’

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत लावला नाही. मधुकरदादाकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, ‘‘मधुकर, बाग गेली काय गा?’’

दादानं मान खाली घातली. तो ‘सगळं चांगलं हाये’ म्हणायला तोंड उघडतोय असं मला वाटलं, पण बोलले ते भाऊजी. ‘‘अर्धी. कोळशी आली.’’

ताई धावत जाऊन बाबांजवळ बसली, त्यांच्या छातीवर हात ठेवला. बाबांनी तो हात हळूच बाजूला केला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांनी मनावर घेतलं नाही. ‘‘पंधरा वर्षं झाले,’’ ते म्हणाले, ‘‘या मानसानं माह्या बागेतून एक धड पान आनलं नाही. आज आनलं, तवाच समजलं मले.’’

बाहेर इंदूबाईंच्या घरचा रेडिओ लागला होता. मग बाबा म्हणाले, ‘‘जवाईबापू, खरंही काढलं असन ना तुम्ही? न काढता याल असे तुम्ही नाही. दाखवा.’’

भाऊजींनी पिशवीतून दुसरा कागद काढला. तो त्यांनी बागेतच, झाडाखाली बसून काढला होता, आणि त्याबद्दल आम्हाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. त्याच्यावर काळं पान होतं. शेंड्यापासून देठापर्यंत काळं.

बाबांनी पुन्हा चष्मा लावला. बराच वेळ ते त्या पानाकडे पाहत राहिले. मग त्यांनी उजवा अंगठा उचलला आणि कागदावरच्या त्या पानावर हळू घासला, एकदा, मग परत एकदा, जरा जोरानं. खाली हिरवं दिसतं का, ते पाहत होते. अंगठा उलटा करून त्यांनी पाहिला. अंगठ्याला काजळी लागली नव्हती.

भाऊजी तिथंच खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बाबांनी कागद मांडीवर नीट ठेवला, त्याच्याकडे आणि मग जावयाकडे पाहिलं, आणि ताईला म्हणाले, ‘‘प्रेमिला, जवाईबापूले चहा दे वं. खोटं काढून थकले ते.’’